एमिल क्रेपेलीन : स्किझोफ्रेनिया आणि स्मरणशक्तीचे कोडे



स्किझोफ्रेनिया या आजाराला मराठीत आपण छिन्नमनस्कता म्हणतो. 'देवराई' चित्रपट ज्यांनी पाहिला असेल त्यांना या आजाराची थोडी कल्पना असेल. नसलेले आवाज ऐकू येणे, कोणीतरी आपल्या वाईटावर आहे असे वाटणे, ही लक्षणे बहुतेकांना ऐकून माहीत असतात. पण हा आजार ज्या घरात आहे तिथे रोजची भांडणे या आवाजांवरून कमी आणि विसरण्यावरून जास्त होतात. गॅस बंद करायला सांगितले, विसरला. गोळी घेतली की नाही, आठवत नाही. दूध आणायला पाठवले तर दही घेऊन आला. आणि हाच माणूस चौथीच्या वर्गशिक्षकांचे नाव अचूक सांगतो, तीसपर्यंतचे पाढे घडाघडा म्हणतो! मग घरच्यांना वाटते, हा मुद्दाम करतो, कामचुकारपणा करतो.

गंमत म्हणजे, या आजाराला पहिल्यांदा वेगळा आजार म्हणून ज्यांनी जगापुढे मांडले, त्या डॉक्टरांचीही इथेच फसगत झाली होती. त्यांचे नाव एमिल क्रेपेलीन. आजच्या पाठात त्यांचे चरित्र पाहू. शिक्षकांनी हे चरित्र वाचावे याला आणखी एक कारण आहे. या माणसाने शाळेतल्या मुलांच्या थकव्यावरही काम केले होते, आणि ते काम आजही आपल्या वेळापत्रकाशी जुळते.

क्रेपेलीन यांचा जन्म १५ फेब्रुवारी १८५६ रोजी उत्तर जर्मनीतील नॉयस्ट्रेलिट्झ या गावी झाला. (सिग्मंड फ्रॉइड यांचा जन्मही त्याच वर्षीचा. दोघांचे रस्ते मात्र अगदी उलट दिशांना गेले.) वडील नट आणि गायक. पुढे ते गावोगाव फिरून एका लोकप्रिय लेखकाच्या कथांचे वाचन करीत. म्हणजे घरात कला होती, पैसा बेताचाच. थोरला भाऊ कार्ल निसर्गविज्ञानाचा अभ्यासक. तो पुढे हॅम्बुर्गच्या निसर्ग संग्रहालयाचा संचालक झाला. झाडे गोळा करायची, पाने-फुले निरखायची, सारखी सारखी एकत्र लावायची आणि त्यांना नावे द्यायची, हे एमिल या भावाकडून शिकला. ही सवय त्यांना आयुष्यभर पुरली. झाडांच्या जागी पुढे माणसे आली, इतकेच.

लाइपझिग आणि व्युर्झबुर्ग येथे वैद्यकीय शिक्षण झाले. लाइपझिगला विल्हेल्म वुंट शिकवत होते. डी.एड., बी.एड. केलेल्या सर्वांना हे नाव पाठ असते : १८७९ मध्ये मानसशास्त्राची पहिली प्रयोगशाळा काढणारे ते हेच. तरुण क्रेपेलीन वुंट यांच्यावर इतके खूश होते की डॉक्टरी सोडून मानसशास्त्रातच जावे असे त्यांच्या मनात आले. वुंट यांनीच त्यांना समजावले की मनोविकारांचा व्यवसाय सोडू नका. म्युनिकच्या मनोरुग्णालयात चार वर्षे काम केल्यावर १८८२ मध्ये ते लाइपझिगला परतले, पण तिथल्या वरिष्ठांशी पटले नाही आणि काही महिन्यांतच नोकरी गेली. लग्न ठरलेले, हातात पैसा नाही. वधू इना श्वाबे वयाने त्यांच्यापेक्षा सात वर्षांनी मोठी, आणि वाङ्निश्चय होऊन कितीतरी वर्षे झालेली. मग पैशांसाठी म्हणून त्यांनी मनोविकारांवर एक छोटे क्रमिक पुस्तक लिहिले. ते १८८३ साली निघाले. पुढच्या वर्षी लग्न झाले. त्याच पुस्तकाच्या त्यांच्या हयातीत आठ आवृत्त्या निघाल्या, प्रत्येक आवृत्ती आधीपेक्षा जाड होत गेली, आणि जगभरच्या मनोविकारशास्त्राचा पाया त्यातूनच घातला गेला. अडचणीत लिहिलेले गाइडच म्हणा ना, पण कुठच्या कुठे गेले!

१८८६ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, ते डोरपाट विद्यापीठात प्राध्यापक झाले. हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होते. आज ते एस्टोनियातले टार्टू. इथे एक विचित्र अडचण होती. डॉक्टर जर्मन बोलणारे आणि बरेचसे रुग्ण एस्टोनियन किंवा लाटवियन, काही रशियन. दुभाष्याशिवाय संवाद नाही. आता विचार करा, मनाच्या आजाराचा डॉक्टर आणि रुग्णाचे बोलणेच समजत नाही! अशा वेळी डॉक्टर काय पाहणार? रुग्ण बसतो कसा, उठतो कसा, जेवतो का, महिन्याने कसा आहे, वर्षाने कसा आहे. क्रेपेलीन यांची पुढची सगळी पद्धत याच पाहण्यावर उभी राहिली. भाषेची ही भिंत हे त्यामागचे एक कारण असावे असे मला वाटते.

डोरपाटच्या काळातच त्यांनी खोट्या आठवणींवर लेख लिहिले. मनात सहज उमटलेले चित्र माणसाला खरी आठवण वाटते, हा एक प्रकार. समोरची वस्तू किंवा माणूस पाहून त्यावरून न घडलेली आठवण तयार होते, हा दुसरा. आणि आत्ता घडणारा संपूर्ण प्रसंग जसाच्या तसा पूर्वी घडून गेला आहे असे वाटते, हा तिसरा. हा शेवटचा अनुभव आपल्यापैकी अनेकांनी क्षणभर घेतलेला असतो. सांगायचा मुद्दा हा, की स्मरणशक्ती या विषयाकडे त्यांचे दुर्लक्ष होते असे मुळीच नाही. उलट त्या काळात या विषयाचा इतका बारीक विचार करणारे डॉक्टर थोडेच होते. म्हणूनच पुढे जे झाले ते समजून घेण्यासारखे आहे.

१८९१ मध्ये ते हायडेलबर्गला आले आणि त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा काळ सुरू झाला. प्रत्येक रुग्णासाठी एक कार्ड. त्यावर वय, घराण्यातील आजार, सुरुवात कशी झाली, पुढे काय झाले, घरी गेल्यावर कसा आहे. आपण शाळेत संचयी नोंदपत्रक ठेवतो ना, तसेच, फक्त ते वर्षानुवर्षे भरले जायचे. त्यांनी आणखी एक युक्ती केली होती. रुग्ण दाखल झाल्यावर पहिल्या तपासणीतून जो आजार वाटला तो चिठ्ठीवर लिहून एका पेटीत टाकायचा. पुढे खरे काय निघाले ते कळल्यावर त्या चिठ्ठ्या काढून पडताळायच्या. आपला पहिला अंदाज किती वेळा चुकतो, हे ते स्वतःच तपासत होते. वर्गातल्या मुलांबद्दल जूनमध्ये आपण मनात जे लिहितो, त्याच्या चिठ्ठ्या कुठल्या पेटीत टाकून एप्रिलमध्ये काढल्या तर काय दिसेल, असा एक विचार हे वाचताना माझ्या मनात येऊन गेला.

याच काळात त्यांनी वुंट यांच्याकडून शिकलेले मापन मनोविकारांत आणले. चहा, दारू, झोपेची औषधे यांचा विचार करण्याच्या वेगावर काय परिणाम होतो, ते मोजले. दारूबाबत त्यांना जे दिसले त्यावरून पुढे त्यांनी स्वतः दारू पूर्ण सोडली आणि जन्मभर दारूबंदीचा प्रचार केला. तेही बव्हेरियात, जिथे बिअर पाण्यासारखी प्यायली जाते!

पण आपल्या कामाचा प्रयोग वेगळा आहे. छापील वहीत एकेक अंकांचे लांबच लांब रकाने. मुलाने किंवा मोठ्या माणसाने शेजारशेजारचे अंक बेरीज करत जायचे. ठरावीक मिनिटांनी घंटा वाजली की तिथे खूण करायची आणि पुढे चालू. शेवटी प्रत्येक खुणेदरम्यान किती बेरजा झाल्या ते मोजून आलेख काढायचा. हा झाला कामाचा आलेख. त्यात काय दिसले? सुरुवातीला माणूस रुळेपर्यंत थोडा वेळ जातो. मग सरावाने वेग वाढतो. त्याच वेळी आतून थकवा वेग ओढून खाली आणत असतो. शेवट जवळ आला हे कळले की पुन्हा थोडी उसळी. मध्ये विश्रांती दिली तर थकवा उतरतो, पण फार लांब विश्रांती दिली तर रुळलेपण जाते. जर्मनीत तेव्हा शाळेच्या ओझ्यावर मोठा वाद चालू होता. तासांची संख्या, गृहपाठ, मुलांची डोकेदुखी. दप्तराच्या ओझ्यावरचे आपले वाद आठवा. क्रेपेलीन यांनी या वादात उडी घेतली आणि मुलांची बाजू घेतली. मुलाचे लक्ष उडणे हा नेहमी दोष नसतो, थकलेला मेंदू स्वतःला वाचवत असतो, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. १८९७ चा काळ आणि हे विचार! जपानमध्ये उचिदा नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी याच बेरजांच्या चाचणीला नवे रूप दिले आणि तिथे नोकरभरतीत ती पुढे खूप वापरली गेली.

आता मुख्य विषयाकडे येऊ.

क्रेपेलीन यांच्या आधी, १८६० साली, मोरेल नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी तेरा-चौदा वर्षांच्या एका मुलाची हकिगत लिहून ठेवली होती. मुलगा शाळेत हुशार, अभ्यासात पुढे. हळूहळू तो उदास झाला, एकलकोंडा झाला, वडिलांचा राग करू लागला. मग शिकलेले विसरत गेला आणि अखेर त्याची सगळी चमक गेली. म्हाताऱ्या माणसाची बुद्धी जशी जाते तशी कोवळ्या वयात गेली, म्हणून मोरेल यांनी त्याला अकाली आलेली बुद्धीची झीज अशा अर्थाचे नाव दिले. बघा, या आजाराच्या अगदी आरंभीच्या वर्णनांपैकी एक, आणि ते एका विद्यार्थ्याचे आहे. त्यात विसरणेही आहे.

क्रेपेलीन यांनी लॅटिन रूप वापरले : डिमेन्शिया प्रेकॉक्स. १८९३ च्या आवृत्तीत ते आले, आणि १८९९ च्या सहाव्या आवृत्तीत त्यांनी आपली मोठी विभागणी मांडली. कार्डे पसरून पाहिली तेव्हा त्यांना दोन गट दिसले होते. एका गटातले रुग्ण कधी अतिउत्साही, कधी अतिउदास होतात, पण मधल्या काळात बरे असतात. दुसऱ्या गटातले बहुधा तरुण वयात आजारी पडतात, काही गप्प होऊन पुतळ्यासारखे बसतात, काही भलतेच हसतात, काहींना आवाज आणि संशय छळतात. वरून ही तीन वेगळी दुखणी दिसली तरी पुढचा प्रवास सारखाच, उताराचा. म्हणून हा एकच आजार. आजचे बायपोलर आणि स्किझोफ्रेनिया हे भेद तिथूनच आले.

इथे भाषेचा एक घोटाळा आहे, तो नीट समजून घ्या. डिमेन्शियाला आज आपण स्मृतिभ्रंश म्हणतो. त्यामुळे डिमेन्शिया प्रेकॉक्स म्हणजे तरुणपणी होणारा स्मृतिभ्रंश असे कोणालाही वाटेल. पण क्रेपेलीन यांचा अर्थ तसा नव्हता. त्यांच्या मते या आजारात भावना आणि इच्छाशक्ती कोमेजते, मनाच्या कामातला एकसंधपणा तुटतो. आणि स्मरणशक्ती? ती त्या मानाने शाबूत राहते, असे त्यांनी आपल्या ग्रंथात लिहिले. रुग्ण आपल्या पूर्वायुष्याची हकिगत बरोबर सांगतो, रुग्णालयात येऊन किती दिवस झाले ते सांगतो, शाळेत शिकलेले तर तो घट्ट धरून ठेवतो, हे त्यांनी वारंवार पाहिले होते. लक्ष मात्र बिघडते, एका ठिकाणी टिकत नाही, हेही त्यांनी टिपले.

निरीक्षण खोटे होते का? नाही. जे दिसले तेच त्यांनी लिहिले. पण त्यांनी पाहिले ते कोठार. आजारापूर्वी भरलेले धान्य कोठारात आहे की नाही, हे त्यांनी तपासले आणि ते होते. नवीन पोते आत येते का, दार उघडते का, हे त्या तपासणीत कळत नव्हते. चौथीच्या मास्तरांचे नाव म्हणजे जुने धान्य. सकाळी सांगितलेले दूध म्हणजे नवे पोते.

असे का व्हावे? माझ्या मते त्यांच्या आजूबाजूला जे रुग्ण होते त्यात याचे उत्तर आहे. १९०३ मध्ये ते म्युनिकला गेले. त्यांच्याबरोबर आलोइस अल्झायमर होते. १९०६ मध्ये अल्झायमर यांनी एका स्त्रीच्या मेंदूचे वर्णन मांडले. ती पन्नाशीतच सगळे विसरली होती, स्वतःचे नावही धड लिहू शकत नव्हती. १९१० च्या आपल्या ग्रंथात त्या आजाराला अल्झायमर यांचे नाव दिले ते क्रेपेलीन यांनीच. ज्याने विस्मरणाचे इतके भीषण रूप पाहिले आहे, त्याला वाढदिवस, गाव, शाळा सगळे सांगणाऱ्या तरुणाची स्मरणशक्ती चांगलीच वाटणार.

स्वित्झर्लंडचे ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये स्किझोफ्रेनिया हे नवे नाव सुचवले आणि १९११ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. ब्लॉयलर बारा वर्षे राइनाऊच्या रुग्णालयात रुग्णांमध्येच राहिलेले, त्यांच्या बोलीत बोलणारे, त्यांच्याबरोबर काम करणारे. सगळ्यांचाच शेवट वाईट होत नाही, आणि सगळ्यांनाच तरुणपणी होतो असेही नाही, म्हणून जुने नाव चुकीचे, असे त्यांचे म्हणणे. पण स्मरणशक्ती चांगली राहते, याबाबत त्यांचेही क्रेपेलीन यांच्याशी एकमत होते. दोन मोठ्या माणसांनी एकच गोष्ट सांगितली की पुढचे लोक ती तपासायला जात नाहीत. तसेच झाले. कितीतरी दशके पाठ्यपुस्तकांत तेच वाक्य राहिले.

क्रेपेलीन यांचा स्वभाव कसा होता? कामसू, शिस्तीचे, थोडे कोरडे. रुग्णांना विद्यार्थ्यांसमोर आणून ते लक्षणे दाखवीत. १९६० मध्ये आर. डी. लेंग या ब्रिटिश डॉक्टरांनी यातला एक प्रसंग नव्याने वाचला. क्रेपेलीन यांना ज्या तरुणाचे बोलणे निव्वळ असंबद्ध वाटले, तो तरुण खरे तर प्रश्न विचारणाऱ्या प्राध्यापकांची नक्कल करत असावा आणि आपल्याला असे प्रदर्शनात उभे केल्याबद्दल चिडलेला असावा, असे लेंग यांनी दाखवले. वर्गात उभे करून प्रश्न विचारले की मुलेही कधी कधी असेच उत्तर देतात.

१९०४ मध्ये भाऊ कार्लबरोबर ते जावा बेटावर गेले. तिथल्या बाउटेनझोर्ग (आताचे बोगोर) येथील मनोरुग्णालयात त्यांनी स्थानिक रुग्ण तपासले. हा आजार तिथेही आहे, पण त्याचा रंग थोडा वेगळा आहे, असे त्यांना आढळले. वेगवेगळ्या समाजांतील मनोविकारांची तुलना करण्याच्या शास्त्राची ती सुरुवात मानतात. पुढे १९६० च्या दशकाच्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेने अनेक देशांत मिळून स्किझोफ्रेनियाचा अभ्यास हाती घेतला. त्यात आपले आग्रा हे एक केंद्र होते. सगळे रुग्ण उतारालाच लागतात हे क्रेपेलीन यांचे म्हणणे तिथे टिकले नाही. बरेच रुग्ण सावरतात, हे त्या अभ्यासातून पुढे आले.

आता एक काळी बाजू. ती न सांगता पुढे गेलो तर चरित्र अपुरे राहील. मानसिक आजार पिढ्यान्‌पिढ्या वाढत जातात आणि राष्ट्र खालावते, अशा विचारांचा क्रेपेलीन यांच्यावर मोठा पगडा होता आणि त्यांनी तसे लिहिलेही. १९१७ मध्ये त्यांनी म्युनिकमध्ये मनोविकार संशोधन संस्था उभारली. तिला जेम्स लोब या ज्यू वंशाच्या दात्याने भरघोस पैसा दिला. त्याच संस्थेत अर्न्स्ट र्‍युडिन आनुवंशिकतेचा विभाग चालवत. १९३३ मध्ये नाझी सरकारने सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला, त्याच्या मागे हे र्‍युडिन होते. त्या कायद्याच्या यादीत स्किझोफ्रेनियाचे नाव होते. सुमारे ४ लाख लोकांवर शस्त्रक्रिया झाल्या. नंतर १९४० आणि १९४१ मध्ये सुमारे ७० हजार रुग्णांना विषारी वायूने मारले गेले. क्रेपेलीन तोवर हयात नव्हते. ७ ऑक्टोबर १९२६ रोजी म्युनिकमध्ये त्यांचे निधन झाले होते, आणि हायडेलबर्गला त्यांची समाधी आहे. पण ज्याला बरे होण्याची आशाच नाही असे नाव चिकटले, त्या माणसाचे पुढे समाज काय करू शकतो, हे त्यांच्याच देशाने, त्यांच्याच शिष्यांच्या हातून दाखवले.

स्मरणशक्तीचे कोडे सुटायला १९९० साल उजाडावे लागले. म्हणजे त्याआधी कोणी काही केले नाही असे नाही, पण ब्रिटनमध्ये मॅकेना आणि सहकाऱ्यांनी ६० रुग्णांवर जो अभ्यास केला त्याने लोकांचे डोळे उघडले. त्यांनी वापरलेली चाचणी अगदी घरगुती होती. एका माणसाचे नाव लक्षात ठेवा. तुमची एक वस्तू लपवली आहे, शेवटी ती मागा. खोलीतून हा रस्ता चालून दाखवा. ही छोटी गोष्ट ऐका आणि नंतर सांगा. अनेक रुग्ण यात अडले, काही तर फारच अडले, आणि त्यांच्या एकूण बुद्धीच्या मानाने हे विसरणे जास्त होते. १९९९ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी ७० अभ्यास एकत्र करून पाहिले. स्वतःहून आठवून सांगण्यात रुग्ण खूप मागे पडतात. पर्याय समोर ठेवून ओळखायला सांगितले तर तेवढे मागे पडत नाहीत. आजार किती जुना आहे किंवा औषध चालू आहे की नाही, याने फारसा फरक पडत नव्हता.

म्हणजे घरचे लोक समजतात त्याप्रमाणे हा केवळ गोळ्यांचा परिणाम नव्हे, आणि आळस तर नव्हेच. माहिती आत नेताना तिची जुळवाजुळव करावी लागते. भाज्यांची यादी ऐकली तर आपण न सांगता पालेभाज्या एकीकडे, फळभाज्या एकीकडे असे मनात लावतो. स्किझोफ्रेनियात हे आपोआप होत नाही. पण कोणी जुळणी करून दिली तर पुष्कळदा आठवते! याशिवाय क्षणभर डोक्यात धरून ठेवण्याची जागाही तोकडी पडते. दोन-तीन सूचना एकदम दिल्या की पहिली गळते. अल्झायमरसारखे हे वर्षागणिक वाढत जात नाही, बहुतेकांत एका पातळीवर राहते. आणि आवाज, भास औषधांनी थांबले तरी हे विसरणे मागे राहते. म्हणून तो बरा झाला, मग आता का विसरतो, हा प्रश्न घरात उभा राहतो.

थोडा औषधांचाही वाटा कधी कधी असतो. हातापायाचा कंप किंवा ताठरपणा कमी करण्यासाठी जी वेगळी गोळी देतात, त्यातल्या काहींनी स्मरणशक्ती मंदावते. ही शंका डॉक्टरांना जरूर विचारावी. मनाने गोळी बंद करू नये, कारण आजार उलटला तर नुकसान कितीतरी मोठे.

घरात करण्यासारखे पुष्कळ आहे. एका वेळी एकच काम सांगणे. सांगितलेले त्यांच्याकडूनच परत म्हणवून घेणे. फ्रीजवर पाटी, फोनमध्ये गजर, गोळ्यांची वारवार डबी, खिशात छोटी वही. चूक झाल्यावर सुधारण्यापेक्षा पहिल्यापासून बरोबर पायऱ्या दाखवून शिकवले तर या मंडळींना जास्त जमते. कारण चूक केली की कधी कधी चूकच पक्की होते. आठवतेय का असे नुसते विचारण्यापेक्षा दूध की दही असे दोन पर्याय ठेवावेत. मंदगती मुलांना शिकवताना आपण हेच करतो. त्यामुळे शिक्षकांना हे नवीन नाही, पालकांना मात्र कोणीतरी सांगावे लागते.

वर्गाच्या बाबतीत एक गोष्ट. मोरेल यांचा तो मुलगा तेरा-चौदा वर्षांचा होता. साधारणपणे हा आजार अकरावी-बारावीच्या वयात किंवा त्यानंतर उघड होतो. लक्ष व स्मरणातली घसरण बऱ्याच जणांत त्याच्या आधीच सुरू झालेली असते. विसरभोळे प्रत्येक मूल आजारी असते असे अजिबात नाही. बहुतेक मुले झोप, मोबाइल, घरातले ताण किंवा नुसत्या कंटाळ्याने मागे पडतात. पण आधी चांगले असलेले मूल काही महिन्यांत बदलले, मित्र तुटले, अंघोळ-कपड्यांकडे दुर्लक्ष होऊ लागले, विनाकारण संशय घेऊ लागले, आणि त्याबरोबर शिकवलेले राहिनासे झाले, तर शेरेपुस्तकात निष्काळजी असे लिहिण्याआधी पालकांना शांतपणे बोलवावे. काय बदलले आणि कोणत्या महिन्यापासून, हे कागदावर लिहून द्यावे. डॉक्टरांना त्या तारखांचा फार उपयोग होतो. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग असतो. सरकारची टेलिमानस ही हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते.